जुन्या गाडीचं इंजिन तापतं तेव्हा ऑइलचं काय होतं, आणि मुंबईत गाडी चालवताना आपण काय करायचं

मे महिन्यातली दुपार, साकीनाक्याचा सिग्नल, माझी २००६ ची मारुती ८००, एसी चालू, मागे आई बसलेली. टेम्परेचरचा काटा मधल्या रेघेच्या जरासा वर, लाल पट्ट्यापासून चांगला लांब, म्हणून मी निवांत. आणि तेवढ्यात डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. ॲक्सिलरेटर जरा दाबला की विझायचा, पाय काढला की परत. आई म्हणाली, अरे तो दिवा कसला? मी म्हटलं काही नाही गं. आणि मला तेव्हा खरंच तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) न काढताच निदान केलं, "शेठ, जाडं ऑइल टाकू, वरून ही एक बाटली टाकू, दिवा परत दिसणार नाही." आणि खरंच दिसला नाही, तीन आठवडे. मग परत दिसला, आणि यावेळी टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या व्हॉल्व्हकडची, टकटक घेऊन. तेव्हा मी स्वतः बसून एकेक गोष्ट तपासली आणि जे सापडलं ते ऑइलच्या डब्यात नव्हतंच, ते रेडिएटरच्या बाजूला होतं. ते पुढे सांगतो, आधी दिवा का लागला ते.

तो दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचं प्रेशर सांगतो. गाडी उभी असताना पंप हळू फिरतो, ऑइल तापून पातळ झालेलं, बेअरिंगमधल्या फटी वयाने वाढलेल्या, मग पातळ ऑइल भसाभस निसटून जातं आणि प्रेशर टिकत नाही. रेस दिली की पंप जोरात फिरतो म्हणून दिवा विझतो. म्हणजे काटा ठीक आहे म्हणून ऑइल ठीक आहे असं अजिबात नाही. काटा कूलंटचा, म्हणजे रेडिएटरमधून फिरणाऱ्या पाण्याचा, असतो. ऑइलचा काटा आपल्या साध्या गाड्यांना नसतोच.

तापलेल्या ऑइलचं होतं काय

दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्या एकात मिसळतात. पहिली म्हणजे पातळ होणं, हे तात्पुरतं असतं, थंड झालं की परत मूळपदावर. दुसरी म्हणजे करपणं, आणि ते परत येत नाही. वडापावच्या गाडीवरची कढई आठवा, सकाळी तेल सोनेरी, संध्याकाळी काळपट, चिकट, वास बदललेला. तेच तेल, फक्त दिवसभर तापलं आणि हवेशी खेळलं. इंजिन ऑइलचंही तेच, गरम ऑइल आणि ऑक्सिजन यांचं जमलं की आम्लं तयार होतात, मग डिंकासारखा थर, मग काळा गाळ. म्हणून जुनं करपलेलं ऑइल शेवटी पातळ नाही तर उलट जाड होतं. मधल्या काळात मात्र ते पातळही होऊ शकतं, कारण मल्टिग्रेड (थंडी-गरमी दोन्हीला चालणाऱ्या) ऑइलमध्ये गरमीत जाडी टिकवायला जे पॉलिमर घातलेले असतात ते गिअर, बेअरिंगमधून दळून दळून तुटतात.

ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा वेग साधारण दुप्पट होतो. चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाच्या भांड्यातलं) ऑइल १०० अंशांऐवजी १२० वर राहिलं तर तेच ऑइल चौपट वेगाने म्हातारं होतंय. अगदी घड्याळ लावून मोजता येणार नाही, पण मला हा एक आकडा कळल्यापासून जाममध्ये एसी फुल ठेवताना हात आखडतो.

चेंबरमध्ये ९० ते ११० अंश म्हणजे नेहमीचंच. खरी भट्टी पिस्टनच्या रिंगांपाशी असते, तिथे ऑइलची पातळ पापुद्र्यासारखी फिल्म २०० अंशांच्या वर जाते. तिथे हलका भाग उडून जातो, उरलेला कोळशासारखा रिंगांच्या खाचेत बसतो, रिंगा जाम होतात, मग गाडी ऑइल खायला लागते आणि मागून निळा धूर. उडून जाणं मोजायची नोअॅक नावाची टेस्ट असते, २५० अंशांवर एक तास ऑइल ठेवतात आणि वजन किती घटलं ते बघतात. एपीआय या अमेरिकन संस्थेच्या एसएन ग्रेडला ही घट जास्तीत जास्त १५ टक्के चालते. डब्यावर हे लिहिलेलं नसतं, कंपनीच्या डेटा शीटमध्ये मिळतं, आणि ऑइल खाणाऱ्या गाडीसाठी मी डब्यावरच्या फोटोपेक्षा हा आकडा बघतो.

जुन्या गाडीला हे जास्त का लागतं? रिंगा झिजल्यामुळे जळलेला गॅस खाली चेंबरमध्ये उतरतो, तो गरम आणि घाण दोन्ही. हा गॅस बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह चोंदलेला असला तर तो गॅस बाहेर पडत नाही, आतच ऑइलशी कालवला जातो. शिवाय ऑइल खाते म्हणून ऑइल कमी, म्हणजे तीन लिटरने वाटून घ्यायची उष्णता दोन लिटरवर येते. कमी ऑइल जास्त तापतं, जास्त तापलं की आणखी जळतं. हे चक्र एकदा सुरू झालं की पावसाळ्याआधी सुरू झालेलं दिवाळीपर्यंत इंजिन खोलायला लावतं.

किलोमीटर नाही, तास मोजा

माझ्या मते मुंबईत ऑइलबाबत सगळ्यात मोठी फसगत इथे होते. साधा हिशोब. हायवेवर ६० च्या सरासरीने ६००० किमी म्हणजे इंजिन १०० तास चाललं. तेच ६००० किमी अंधेरी-घाटकोपर-सायन असे १५ च्या सरासरीने केले तर ४०० तास. ऑइल चारपट वेळ तापलं, मीटरवर मात्र आकडा तोच. स्टिकरवर "पुढचं ऑइल अमुक किमीला" लिहून देणारा माणूस तुमच्या गाडीचे तास बघत नाही. म्हणून रोजचं ऑफिस जाममधून असेल तर पुस्तकातल्या किलोमीटरच्या साधारण निम्म्यावर ऑइल बदला. मी ४५००-५००० किमी किंवा सहा महिने, जे आधी येईल ते, असं धरलंय.

आता इथे एक गंमत आहे. जाममध्ये इंजिनवर लोड कमी असतो त्यामुळे उष्णता कमी तयार होते, पण चेंबरच्या खालून वाहणारी हवा बंद होते. घाटात उलट, हवा असते पण दुसऱ्या गिअरमध्ये फुल लोड, उष्णता भरपूर तयार होते, आणि ऑइलचं तापमान कूलंटच्या काट्यापेक्षा जास्त चढतं. सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही एकत्र, शनिवारी सकाळी बोरघाट, चढ, पुढे ट्रेलर, चारजण आणि डिकी भरलेली, एसी चालू. असं झालं तर लोणावळ्याला पोचल्या पोचल्या गाडी खटकन बंद करू नका, दोन मिनिटं तशीच चालू ठेवा, टर्बोवाली डिझेल असेल तर नक्कीच, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच करपतं.

आधी तपासणी, मग खरेदी

डिपस्टिकपासून सुरुवात. सपाट जागा, गाडी बंद करून किमान पाच-दहा मिनिटं, एकदा पुसून परत घालून काढा. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमध्ये जवळपास लिटरभर ऑइल बसतं, छोट्या इंजिनात थोडं कमी. माझी खालच्या खुणेच्याही खाली होती, गॅरेजवाल्याने "जाडं" टाकून तीन आठवडेच झालेले. वरच्या खुणेच्या वर भरणंही चूक, खाली फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो, फेसाळ ऑइल ना थंड करतं ना प्रेशर धरतं.

मग थेंबाची टेस्ट. इंजिन गरम असताना डिपस्टिकचा एक थेंब टिपकागदावर, नसेल तर कॉफी फिल्टरवर, आणि कागद आडवा ठेवून रात्रभर सोडून द्या. मी किचनच्या ओट्यावर ठेवला होता, सकाळी आईने "हे काय काळं सांडलंय" म्हणून फेकायलाच घेतलेला. चांगलं ऑइल सावकाश पसरतं, मध्यभागी फिकट राखाडी, कडेकडेला हलका तपकिरी होत गेलेला. माझ्या कागदावर मध्यभागी काजळाच्या टिकलीसारखा घट्ट काळा ठिपका आणि भोवती एकदम पिवळं वलय, मध्ये काहीच नाही. म्हणजे काजळी धरून ठेवायची ऑइलची ताकद संपली, ती सगळी एका जागी बसली. बाहेरच्या कडेला पाण्यासारखी वेडीवाकडी रेघ दिसली तर पाणी किंवा कूलंट असल्याचा संशय घ्या. ही लॅब टेस्ट नव्हे, पण दर महिन्याचा कागद तारीख टाकून ठेवला की फरक डोळ्याला दिसतो.

रंगावर मात्र जाऊ नका, विशेषतः सीएनजीवाल्यांनी. सीएनजीत काजळी जवळपास होत नाही म्हणून ऑइल आठ महिन्यांनीही मधासारखं दिसतं आणि माणूस म्हणतो अजून चालेल. पण सीएनजीचा ज्वलनाचा ताप कोरडा असतो, ऑइलचं ऑक्सिडेशन आणि नायट्रेशन होतच असतं, फक्त दिसत नाही. सीएनजी गाडीला वास घ्या आणि तारखेवर जा. उलट डिझेलचं ऑइल बदलल्यावर पहिल्या दिवशीच काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

ऑइल भरायचं झाकण उघडून आतली बाजू बघा. तपकिरी चकाकी म्हणजे वार्निश, तापाची खूण. काळा कुरकुरीत थर म्हणजे गाळ झालाय. पावसाळ्यात थोडा पांढरट फेस झाकणालाच असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा ती नुसती वाफ असते, रोज दोन किमीच चालणाऱ्या गाडीत होतंच. पण डिपस्टिकवरच दुधाळ कॉफी दिसली आणि कूलंटही कमी होतंय तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं सील) गेलं असणार, मग गाडी चालू करू नका, टोइंग बोलवा.

तापमान मोजायला इन्फ्रारेड गन मिळते, ऑनलाइन स्वस्तात. पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती सपशेल खोटं, कमी आकडा दाखवते, म्हणून चेंबरवर आणि थर्मोस्टॅटच्या (कूलंट गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि तिथे नेम धरा. माझ्या चेंबरवर आकडा आला ११८, बाहेरून. आत त्याहून जास्तच.

कूलिंग दुरुस्त केल्याशिवाय ऑइलवर पैसे घालू नका

हा लेखाचा मुख्य मुद्दा आहे. तापाचं मूळ रेडिएटरकडे असेल तर हजाराचं सिंथेटिकही तसंच करपणार, फक्त जरा उशिरा.

माझ्याकडे सापडलेली पहिली गोष्ट म्हणजे थर्मोस्टॅट व्हॉल्व्हच नव्हता. आधीच्या कुठल्यातरी मेकॅनिकने काढून टाकलेला. आपल्याकडे ही सर्रास पद्धत आहे, गाडी तापते, व्हॉल्व्ह काढला, आता थंड चालेल. रस्ता मोकळा असला की चालतेही, इतकी थंड की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये साठत राहते, गाळ तयार होतो. आणि जाममध्ये रेडिएटर चोंदलेला असला तर व्हॉल्व्ह काढूनही गाडी तापतेच. म्हणजे सकाळी थंड ऑइल, दुपारी करपलेलं ऑइल, दोन्ही बाजूंनी मार. नवीन व्हॉल्व्ह कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणला, त्यावर ८२ कोरलेलं होतं, म्हणजे ८२ अंशांना उघडायला सुरुवात. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन दोरीला बांधून लटकवा, थर्मामीटर ठेवा, गॅस मंद. ८० पर्यंत ढिम्म, मग हळूच तोंड उघडतो, अगदी शिंपला उघडावा तसा. पातेलं भंगारात जायचंच वापरा, चहाचं नको, मी आईची बोलणी खाल्ली आहेत. जुना कूलंट लागलेला व्हॉल्व्ह असेल तर मुळीच नको, कूलंट विषारी असतो.

दुसरी गोष्ट रेडिएटरच्या जाळ्या. पुढे एसीचा कंडेन्सर, त्याच्या आणि रेडिएटरच्या मध्ये मेट्रोच्या कामाची माती, सुकी पानं, कबुतराची पिसं, सगळी गादी झालेली. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला साध्या पाइपाने पाणी मारा, प्रेशर वॉशर जवळ धरला तर पंख दुमडतात. आतून खार बसला असेल, म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं, तर रेडिएटर उतरवून साफ करून घ्यावा लागतो. यापुढे कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

तिसरी फॅन. गाडी उभी चालू ठेवा, काटा मध्याच्या थोडा वर गेला की फॅन सुरू झालाच पाहिजे. माझा सुरू व्हायचा पण फार उशिरा, स्विच गेलेला. डायरेक्ट बटण लावून घेऊ नका, एक दिवस चालू करायचा विसराल. रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू, ते प्रेशर धरतं म्हणून कूलंट शंभराच्या बऱ्याच वर जाऊनही उकळत नाही. रबर कडक झालेलं दिसलं की बदला, त्याच्यावरच छापलेल्या प्रेशरचंच घ्या. होजपाइप दाबून बघा, बेल्ट बघा, वॉटर पंपाखाली सुकलेले डाग बघा. झालं.

हे सगळं करून परत त्याच साकीनाक्याला, त्याच वेळेला, टेपवर आकडा १०१. ऑइल अजून बदललेलं नव्हतं.

मग कुठलं ऑइल

मॅन्युअल काढा, त्यात हवेच्या तापमानाप्रमाणे ग्रेडचा तक्ता असतो. २०डब्ल्यू-४० मधला पहिला आकडा थंडीचा, आणि मुंबईत जानेवारीच्या पहाटे १५-१६ अंश म्हणजे आपली थंडी, तेव्हा त्या आकड्यावरून रात्रीची झोप घालवू नका. दुसरा आकडा १०० अंशांवरची जाडी: ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे २१.९ पर्यंत. मॅन्युअलमध्ये ३० असेल आणि गाडी झिजलेली, दिवा लुकलुकणारी असेल तर एक पायरी वर, म्हणजे ४०, इतकंच. थेट २०डब्ल्यू-५० ओतलं की दिवा विझतो खरा, पण प्रेशर वाढणं आणि ऑइल वाहणं या वेगळ्या गोष्टी आहेत, जाडं ऑइल सकाळी वर कॅमपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोचायला वेळ लावतं आणि स्वतः घुसळून जास्त तापतं. माझ्या गॅरेजवाल्याने नेमकं हेच केलेलं.

मिनरल की सिंथेटिक? तापाला सिंथेटिक नक्कीच जास्त टिकतं. "जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की गळती लागते" हे अर्धसत्य आहे, ते सील खात नाही, सीलवर बसलेला गाळ धुऊन काढतं आणि मग मुळातली गळती दिसते. झाकणाखाली गाळ असेल तर घाई नको, साधं चांगलं ऑइल टाकून १५००-२००० किमीला फिल्टरसकट बदला, असं दोनदा, मग सेमी-सिंथेटिक. इंजिन आतून धुवायच्या फ्लशची बाटली ओतून गाळाचे गोळे एकदम सुटले तर चेंबरमधली जाळी चोंदते, तो धोका मी घेत नाही. पेट्रोलला एपीआय एसएन किंवा एसपी, दोन्ही जुन्या ग्रेडच्या जागी चालतात. जुन्या डिझेलला १५डब्ल्यू-४०, सीआय-४. पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, पण ज्यांनी घरची पद्मिनी जपलीय त्यांनी झिंकचं प्रमाण बघून ऑइल घ्या, तिच्या सपाट टॅपेटना ते लागतं.

बाइकवाले, तुमचं एअर-कूल्ड इंजिन सिग्नलला आमच्यापेक्षा जास्त तापतं. पण गाडीचं उरलेलं ऑइल बाइकमध्ये टाकू नका, क्लच त्याच ऑइलमध्ये असतो, घसरेल. डब्यावर जासो (जपानी मानक) एमए बघा. गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी.

बदलताना

इंजिन कोमट असू द्या, उकळतं नको. गाडी जॅकवर आहे म्हणून खाली शिरू नका, स्टँड लावा, नाहीतर सरळ रॅम्पवाल्याकडे जा. ड्रेन नट काढला की शेवटचे थेंब पडेपर्यंत थांबा, दहा मिनिटं तरी, कारण गाळ शेवटी येतो. ऑइलात चुंबक फिरवा, बारीक काळी पेस्ट चालते, चमकणारे तुकडे आले तर बेअरिंगची चौकशी करा. वॉशर नवा, फिल्टरच्या रबराला नवं ऑइल लावून हाताने टेकेपर्यंत आणि मग पाऊण फेरा, पाना नको. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरा, चालू करा, दिवा विझला की बंद, पाच मिनिटांनी डिपस्टिक बघून उरलेलं.

आणि रस्त्यात काटा लाल पट्ट्यात गेलाच तर एसी बंद, हीटर फुल, खिडक्या उघड्या, मे महिन्यात जीव जातो पण करा, आणि कडेला घेऊन बंद करा. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नका. तापलेल्या इंजिनावर बिसलरी ओतू नका, हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकतं. गाडी एकदा लाल पट्ट्यात जाऊन आली की ऑइल बदललंच, मग त्याला आठवडा झालेला असो.

काढलेलं ऑइल गटारात नको, बांधकामवाल्याला शटरिंगलाही नको. जुन्या कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये द्या, अधिकृत रिफायनिंगला नेणारे तिथून उचलतात. रिकामा कॅन भंगारात टाकण्याआधी लेबल फाडा आणि चाकूने दोन भोकं पाडा, नाहीतर त्याच कॅनमधून डुप्लिकेट ऑइल परत तुमच्याच गल्लीत विकायला येईल. सांडलेला कूलंट मात्र लगेच धुऊन टाका, चवीला गोड असतो, बिल्डिंगखालची मांजरं चाटतात आणि मरतात.